टाचेखालचा दाब: ६३.७ किलो, ६२,४२० पास्कल की बासष्ट लाख?

भट्टीवाला, इचलकरंजी

नमस्कार मंडळी. मी कापडाच्या प्रोसेस हाऊसमध्ये बॉयलर अटेंडंट आहे. सोळा वर्षं झाली, सेकंड क्लासचं सर्टिफिकेट आहे. दाब हा माझ्या पोटापाण्याचाच विषय, म्हणून काल रात्री घरी जे झालं ते जरा जास्तच लागलं.

पोरगी अकरावी सायन्सला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता सगळं इंग्रजीत, त्यामुळं अडलं की वही घेऊन माझ्याकडं येते. कालचा प्रश्न असा: ५० किलोग्रॅम वस्तुमानाची मुलगी उंच टाचेच्या सँडलवर, एकाच टाचेवर तोल सांभाळून उभी आहे. टाच गोल, व्यास १ सेंटिमीटर. जमिनीवर दाब किती पडतो?

मी म्हटलं, हे तर आपलं रोजचं काम. टाचेचं क्षेत्रफळ काढलं, ३.१४ गुणिले अर्धा गुणिले अर्धा, ०.७८५ चौरस सेंटिमीटर. ५० भागिले ०.७८५. उत्तर ६३.७ किलो. आमच्यात दाब किलोतच बोलतात. शिफ्ट बदलताना पहिला प्रश्न "किती किलोवर आहे?" आणि उत्तर "साडेनऊ". पुढं कुणी काही विचारत नाही.

पोरगी म्हणाली, "पप्पा, किलो हे दाबाचं एककच नाहीये." तिनं ५० ला ९.८ नं गुणलं, ४९० आले. मग सेंटिमीटरचं मीटर करायचं म्हणून ०.७८५ ला १०० नं भागलं. ४९० भागिले ०.००७८५. तिचं उत्तर ६२,४२० पास्कल. पुस्तकाच्या मागं उत्तर दिलंय ६.२ गुणिले १० चा सहावा घात. म्हणजे बासष्ट लाख!

आता माझा गोंधळ ऐका. तिचं चुकलं हे कळतंय, पण कुठं ते सापडत नाही. माझं बरोबर की चूक तेही कळेना, कारण ६३.७ आणि ६२ लाख यांचा एकमेकांशी संबंधच लागत नाही. आणि खरं सांगायचं तर मला माझंच उत्तर पटेना. आमचा सेफ्टी व्हॉल्व्ह साडेदहा किलोला उडतो. उडला की अख्ख्या शेडमध्ये कानाला दडे बसतात. आणि इथं एका पोरीच्या टाचेखाली ६३ किलो? सहा बॉयलर एका टाचेखाली?

कुणीतरी पायरी-पायरीनं सांगा. पोरीसमोर माझी पत राहील असं सांगितलं तर फारच बरं.

खडूफळा (निवृत्त शिक्षक, सातारा)

भट्टीवाले, पत शाबूत आहे. तुमचं उत्तर बरोबर आहे, फक्त त्याचं नाव अर्धं लिहिलंय. पुस्तकाचं उत्तरही बरोबर. चूक एकट्या कन्येची, आणि ती चूक मी सत्तावीस वर्षं दर जुलै महिन्यात फळ्यावर पुसलेली आहे.

आधी तुमच्या 'किलो'कडे बघू. गेजच्या, म्हणजे दाब दाखवणाऱ्या काट्याच्या, डायलवर बारीक अक्षरांत काय छापलंय ते उद्या वाचा. किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर असं असेल. त्यातला किलोग्रॅम म्हणजे वस्तुमान नव्हे. एक किलोच्या वस्तूला पृथ्वी जेवढ्या जोरानं खाली ओढते तेवढं बल, त्याला किलोग्रॅम-बल म्हणतात. बोलताना 'बल' गळालं, 'प्रति चौरस सेंटिमीटर'ही गळालं, आणि शेडमध्ये नुसता 'किलो' उरला. तिथं सगळ्यांना कळतं म्हणून चालतं. वहीत नाही चालत, कारण तिथं त्याच ओळीत खरा किलोग्रॅम, वस्तुमानवाला, बसलेला असतो.

१ किलोग्रॅम-बल म्हणजे ९.८ न्यूटन. अधिक नेमकं हवं असेल तर ९.८०६६५, पण कन्येच्या पुस्तकाला ९.८ पुरे.

आता तिची चूक. तिनं 'शंभर सेंटिमीटर म्हणजे एक मीटर' हे पाठ केलंय आणि तेच क्षेत्रफळाला लावलं. तिला घरातल्या फरशीवर खडूनं एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकोन आखायला सांगा. त्याच्या एका कडेला नखाएवढे, एक सेंटिमीटरचे चौकोन मांडत गेलं तर एका ओळीत शंभर बसतात. आणि अशा ओळी किती? त्याही शंभर. म्हणजे एका चौरस मीटरमध्ये दहा हजार चौरस सेंटिमीटर. ०.७८५ ला शंभरनं नाही, दहा हजारानं भागायचं. ०.००००७८५ चौरस मीटर. आता ४९० न्यूटनला त्यानं भागा: ६२ लाख ४२ हजार पास्कल. ३.१४ ऐवजी पाय (π) थोडा नेमका घेतला तर ६२ लाख ३९ हजार. पुस्तकानं ६.२ वर थांबवलंय, ठीकच आहे.

तुमच्या ६३.७ पासूनही तिथंच पोचता येतं. ६३.७ किलोग्रॅम-बल प्रति चौरस सेंटिमीटर. किलोग्रॅम-बलाच्या जागी ९.८ न्यूटन ठेवा, चौरस सेंटिमीटरच्या जागी दहा हजारांश चौरस मीटर ठेवा. ६३.७ गुणिले ९.८ गुणिले १०,०००. करून बघा. दोन रस्ते, गाव एकच.

पोरांची खरी खोड वेगळी आहे. पूर्ण गणित नुसत्या आकड्यांनी करतात आणि शेवटी नैवेद्यावर तुळशीपत्र ठेवावं तसं 'पास्कल' ठेवून देतात. एकक नसलेल्या आकड्याला मी वर्गात बेवारस म्हणायचो. एसटी स्टँडवरच्या बेवारस पिशवीसारखा, हात लावायचा नाही. प्रत्येक ओळीत आकड्यापुढं एकक लिहिलं असतं तर तिला दिसलं असतं की ०.७८५ पुढं 'चौरस सेंटिमीटर' आहे, नुसतं सेंटिमीटर नाही, आणि त्या 'चौरस' शब्दानंच तिला दोनदा शंभरनं भागायला लावलं असतं. सेंटिमीटर तसाच राहू दिला असता तरी बिघडलं नसतं: ४९० भागिले ०.७८५ म्हणजे ६२४ न्यूटन प्रति चौरस सेंटिमीटर. हेही खरं उत्तर आहे. मात्र ते पास्कल नव्हे.

बासष्ट लाख ऐकून दचकू नका. पास्कल हे एककच चिमुकलं आहे. शंभर ग्रॅम पोहे घ्या, एक मीटर लांब-रुंद फडक्यावर सारखे पसरा. फडक्याखाली जो दाब पडला तो साधारण एक पास्कल. हवेचाच दाब समुद्रसपाटीला १,०१,३२५ पास्कल असतो. ब्लेझ पास्कलचं नाव मोठं, एकक मात्र पोह्यांएवढं.

बॉयलरचं कोडं तुमचं तुम्ही सोडवून बघा. दाब मोठा आणि बल मोठं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या बॉयलरच्या मॅनहोलचं, म्हणजे आत उतरायच्या झाकणवाल्या भोकाचं, माप काय?

बारावी रिपीटर

काका, एवढं करायचंच नाही. सीईटीला वेळ नसतो. जी, म्हणजे ते ९.८, सरळ १० धरा. ५० भागिले ०.७८५ म्हणजे ६३.७, त्याच्यापुढं पाच घात. ६३.७ गुणिले १० चा पाचवा घात. ६.३७ गुणिले १० चा सहावा. पर्यायात जवळचा असेल तो टिक करा, पुढं चला.

आमच्याकडं खरा घोळ केमिस्ट्रीत होतो. पीव्ही बरोबर एनआरटी, वायूचं सूत्र: दाब गुणिले घनफळ बरोबर मोल गुणिले आर हा स्थिरांक गुणिले तापमान. १ मोल वायू, तापमान ३०० केल्विन, घनफळ २५ लिटर. मी आर ८.३१४ घेतला, दाब आला ९९.८. पुढं पास्कल लिहून मोकळा झालो. गेल्या वर्षीच्या सराव परीक्षेत या एकाच प्रकारानं माझे तीन प्रश्न गेले. लिटर ठेवला तर ते ९९.८ किलोपास्कल असतं, कारण एका घनमीटरमध्ये हजार लिटर. आणि आर ०.०८२१ घेतला की उत्तर ॲटमॉस्फिअरमध्ये, ०.९८५. आता मी आर लिहितानाच त्याचं पूर्ण एकक लिहितो, मग भले हात दुखो.

खडूफळा

रिपीटर, तुझ्या दुसऱ्या परिच्छेदानं पहिल्याला खोटं पाडलंय, वाचून बघ.

जी १० धरायला हरकत नाही, प्रश्नपत्रिकेनं तसं म्हटलं असेल तर. पण तू जे केलंस त्यात एक गंमत लपली आहे ती भट्टीवाल्यांच्या कामाची आहे. जी १० धरला की १ किलोग्रॅम-बल प्रति चौरस सेंटिमीटर बरोबर एक लाख पास्कल होतो, आणि एक लाख पास्कल म्हणजेच एक बार. म्हणून तुझ्या ६.३७ मध्ये आणि त्यांच्या ६३.७ मध्ये अंक तेच दिसतात. प्रत्यक्षात १ किलो म्हणजे ९८,०६६.५ पास्कल, बारपेक्षा दोन टक्क्यांनी कमी. 'पाच घात' हा नियम म्हणून पाठ करू नकोस. उद्या प्रश्नात चौरस मिलिमीटर आलं की तुझे पाच घात कुठं जातील?

मस्कतकर

मी पाइपिंगमध्ये आहे. आधी नऊ वर्षं चाकणला, आता ओमानमध्ये. खडूफळा सरांनी मिलिमीटरचं नाव काढलंच आहे म्हणून सांगतो. आम्ही ड्रॉइंगवर सगळी मापं मिलिमीटरमध्ये ठेवतो. बल न्यूटनमध्ये, क्षेत्रफळ चौरस मिलिमीटरमध्ये, मग उत्तर आपोआप मेगापास्कल. टाचेचा व्यास १० मिलिमीटर, क्षेत्रफळ ७८.५ चौरस मिलिमीटर. ४९० भागिले ७८.५, ६.२४ मेगापास्कल. एकही शून्य मोजावं लागलं नाही. अट एकच, मिलिमीटर धरला की शेवटपर्यंत मिलिमीटर. घनता आली की मात्र हे तंत्र दगा देतं, कारण घनता आपल्याला किलोग्रॅम प्रति घनमीटरमध्ये तोंडपाठ असते. रो-जी-एच वालं, म्हणजे घनता गुणिले जी गुणिले उंची असं द्रवाच्या दाबाचं, गणित असेल तर मुकाट्यानं मीटरमध्ये या.

भट्टीवाले दादा, तुमच्या सेफ्टी व्हॉल्व्हचा आकडा नीट बघा. पाटीवर साडेदहाऐवजी १०.५४ असं काहीतरी असण्याची शक्यता बरीच आहे. असा वाकडा आकडा कुणाला सुचेल? तो मुळात १५० पौंड प्रति चौरस इंच आहे. १४.२२ पौंड प्रति चौरस इंच म्हणजे तुमचा दाबातला एक किलो, १५० ला त्यानं भागून बघा, साडेदहाच्या जरा पुढं जातं. तशीच १७.५ किलोची बॉयलरं मुळात २५० पौंडांची. जुन्या एककानं ठरलेला दाब नव्या एककात कपडे बदलून बसलाय, एवढंच.

दुसरी गोष्ट पुस्तकात एका ओळीत येते आणि कामावर रोज चावते. तुमचा गेज शून्यावर असतो तेव्हा बॉयलरच्या आत दाब शून्य नसतो, बाहेरच्या हवेएवढा असतो. गेज फक्त हवेच्या वरचा दाब दाखवतो. स्टीम टेबल, म्हणजे कुठल्या दाबाला वाफेचं तापमान किती ते सांगणारा तक्ता, मात्र निरपेक्ष दाबानं, म्हणजे हवेचा दाब धरून, छापलेलं असतं. गेजवर १० किलो असताना टेबलात १० किलोच्या ओळीत बोट ठेवलं तर वाफेचं तापमान १७९ अंश मिळतं. खरं तापमान १८३ च्या पुढं असतं, कारण हवेचा १.०३ मिळवून ११.०३ च्या आसपास बघायला हवं. दोन्हीकडं एकक एकच, किलो प्रति चौरस सेंटिमीटर. तरी उत्तर चुकलं. म्हणजे एकक जुळलं की काम झालं असंही नाही, शून्य कुठून मोजलाय तेही जुळावं लागतं.

सिस्टर, मिरज

आमच्या कामातलं एक सांगते. दादांनी 'किलो'चं म्हटलं तसं आमच्यात 'एकशेवीस-ऐंशी'. पुढं मिलिमीटर पारा असं कुणी बोलत नाही.

मी आयसीयूत नवीन होते तेव्हाची गोष्ट. हॉस्पिटल कुठलं ते राहू द्या. मानेजवळच्या मोठ्या शिरेत नळी घालून तिथला दाब मोजतात, सीव्हीपी म्हणतो आम्ही. तेव्हा त्या वॉर्डात दोन पद्धती चालू होत्या. जुनी म्हणजे काचेच्या पट्टीवर सलाइनचा स्तंभ, तो सेंटिमीटर पाण्यात. नवीन म्हणजे मॉनिटर, तो मिलिमीटर पाऱ्यात. दिवसपाळीनं पट्टीवर ११ बघून चार्टवर '११' लिहिलं. रात्री पेशंटला मॉनिटर लागला, मी '८' लिहिलं. पहाटे डॉक्टर राउंडला आले, ११ चा ८ झाला म्हणून कपाळाला आठ्या, फ्लुइड वाढवायचं का यावर चर्चा सुरू. आमच्या सीनियर सिस्टरनी चार्ट हातात घेतला आणि एवढंच विचारलं, "अकरा कशाचे आणि आठ कशाचे?"

पारा पाण्याच्या १३.६ पट जड. म्हणून १ मिलिमीटर पारा म्हणजे १.३६ सेंटिमीटर पाणी. ११ ला १.३६ नं भागा, ८.१. पेशंट होता तिथंच होता.

तेव्हापासून सलाइनची बाटली टांगतानाही मनात हिशेब चालतो. बाटली हातापेक्षा एक मीटर वर असेल तर १०० सेंटिमीटर पाण्याचा दाब, म्हणजे साधारण ७४ मिलिमीटर पारा. शिरेतला दाब त्यापेक्षा पुष्कळ कमी, म्हणून सलाइन आत जातं. धमनीतल्या १२० ला अडवायचं म्हटलं तर स्तंभ १६३ सेंटिमीटर हवा, जवळजवळ माझ्या उंचीएवढा. दादा, मुलीला हे गणित घाला, तिला आवडेल.

भट्टीवाला, इचलकरंजी

सगळ्यांचे आभार. काल रात्रपाळी होती म्हणून उशीर झाला.

आधी डायल वाचला. सोळा वर्षं बघतोय, वाचला पहिल्यांदा. सर म्हणाले तसंच आहे, खाली बारीक अक्षरांत. आणि मस्कतकर, पाटीवर १०.५४ च आहे हो! मी लॉगबुकात कायम साडेदहा लिहीत आलोय.

मॅनहोल अंडाकृती आहे, ४०० बाय ३०० मिलिमीटर. पोरीला सूत्र माहीत होतं. ३.१४ गुणिले २० गुणिले १५, म्हणजे ९४२ चौरस सेंटिमीटर. त्याला साडेदहानं गुणलं आणि दोघंही गप्प बसलो. ९,८९१ किलोग्रॅम-बल. मॅनहोलच्या झाकणावर दहा टन! भरलेला ट्रक उभा केल्यासारखं. टाचेखाली दाब सहापट आहे, पण ढकलणारं बल पन्नास किलोचंच. झाकण आतून बसवलेलं का असतं आणि गॅसकेट बदलताना आमचे जुने फोरमन एवढे का ओरडायचे, ते आता आकड्यात दिसलं. शिवाय टाचेनं फरशी केसभर खचली की तिचं ढकलणं तिथंच थांबलं. वाफ तशी थांबत नाही, फुगत जाते, हे मला कुणी सांगायला नको.

आता माझीच एक फजिती सांगतो, कारण सिस्टरांनी मन मोठं करून त्यांची सांगितली. तीन वर्षांपूर्वी आमच्याकडं नवा कॉम्प्रेसर आला, परदेशी बनावटीचा. चालू केला, हवा सात किलोला यायला पाहिजे. काटा ०.७ वर जाऊन थांबला. मशीन आपोआप बंद. पुन्हा चालू, पुन्हा ०.७ आणि बंद. मी सुपरवायझरला कळवलं, "दाब धरत नाही, एक किलोसुद्धा होत नाही." फिटर बोलावला. त्यानं हेड खोललं, व्हॉल्व्ह प्लेट पुसून बघितल्या, फिल्टर काढला. दुपार गेली. सगळं ठणठणीत. शेवटी लूम-शेडमधला एक पोरगा, आयटीआय झालेला, डायलला नाक लावून म्हणाला, "मामा, हे किलो नाही, मेगापास्कल आहे." ०.७ मेगापास्कल म्हणजे सात किलोच्या थोडं वर. मशीन पहिल्या मिनिटापासून बरोबर चाललं होतं. नंतर मी डायलवर स्केच पेननं लाल रेघ ओढली आणि शेजारी '७ किलो' लिहिलं. ते योग्य केलं का माहीत नाही, पण त्यानंतर कुणी हेड खोललं नाही.

पोरीशी वाटाघाटी अशा झाल्या. तिनं दहा हजाराचं मान्य केलं, मी 'किलो'चं. फरशीवर मीटरचा चौकोन आखला, तिच्या आईनं पुसायला लावला. मग ती म्हणाली, टाचेचं सँडल आपल्या घरात कुणाकडंच नाही, आपण खऱ्या पायाचं काढू. ग्राफ पेपरवर पाऊल ठेवलं, पेन्सिलीनं कडा आखली, चौकोन मोजले. एका पावलाचे ११२ चौरस सेंटिमीटर. दोन पावलांचे २२४. वजन ४६. माझ्या पद्धतीनं ०.२०५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर, तिच्या पद्धतीनं ४५०.८ न्यूटन भागिले ०.०२२४ चौरस मीटर, २०,१२५ पास्कल. माझ्या उत्तराला ९८,००० नं गुणून तिनं स्वतःच ताळा केला आणि जुळल्यावर वही मिटली.

पण झोपताना तिनं एक विचारलं ते मला सांगता आलं नाही. मस्कतकर म्हणाले गेजच्या वर हवेचा एक किलो मिळवायचा. मग टाचेच्या उत्तरातही एक मिळवायला हवा का? ६४.७?

खडूफळा

चांगलं विचारलं तिनं. या प्रश्नात मिळवायचा नाही. प्रश्न आहे मुलीच्या वजनामुळं टाच जमिनीवर किती दाब टाकते, आणि पुस्तकाचं उत्तर तेवढंच आहे. हवा तर मुलगी यायच्या आधीपासून फरशी दाबतेच आहे. तिच्यामुळं जादा पडलेला दाब म्हणजे तुमच्या भाषेत गेजचा. वायूचं गणित असेल, पीव्हीवालं, तर मात्र मिळवल्याशिवाय सुटका नाही, तिथं निरपेक्ष दाबच लागतो. 'टायरमधल्या हवेचा दाब ३२ पौंड' असं गणितात दिसलं की हा प्रश्न तिनं स्वतःला विचारावा. तिथं ३२ च्या जागी ३२ अधिक १४.७ जायला हवेत.

आणि हो, ०.२०५ कडे एकदा नीट बघा. दोन पायांवर उभी असताना तिचा दाब हवेच्या दाबाच्या एक पंचमांश. पुस्तकातल्या मुलीच्या टाचेखाली मात्र हवेच्या ६० पट. फरशीच्या दुकानात लाकडी नमुन्यावर टाचेचे खड्डे पडलेले असतात ते याच्यामुळं.

मला एकच शंका आहे. ग्राफवरचे कडेचे अर्धेमुर्धे चौकोन कसे मोजले?

भट्टीवाला, इचलकरंजी

अर्ध्याहून मोठे ते धरले, लहान ते सोडले. अंगठ्याजवळच्या दोन चौकोनांवरून भांडण झालं, ते तिच्या आईनं मिटवलं. एक धरला, एक सोडला.